गांवाचें देणें

सावकाराचें देणें वहींत दिसतें. गांवाचें देणें कोठेंच नोंदलेलें नसतें, म्हणून तें फेडण्याचें राहून जातें. ज्या वाटेनें आमचा कापूस बाजारास जातो आणि ज्या तळ्यावर आमचीं गुरें पाणी पितात, तीं आमच्या एकट्याच्या श्रमानें झालेलीं नाहींत.

हें शेजाऱ्यास कसें पटवावें? १८७६ सालीं शेंडगांवीं जन्मलेले श्रीगाडगेमहाराज प्रथम मामांकडे दापुऱ्यास शेती करीत. पुढें ज्या गांवीं जात तेथें ते आधीं खराट्यानें रस्ते झाडीत व रात्रीं कीर्तनांतून उपदेश करीत. पूर्णेच्या कांठीं ऋणमोचन येथें त्यांनीं यात्रेकरूंकरितां घाट बांधविला. आधीं हात, मग शब्द, हा त्यांचा क्रम.

हिवरखेडसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गांवीं हाच क्रम धरावा. कापूस-तूर घरांत आल्यावर, फाल्गुन-चैत्रांत, तळ्याचा गाळ काढण्याचें एकच काम घ्यावें. पहिली टोपली मोठ्या खातेदारानें उचलावी. १०० घरांतून एकेक मनुष्य ४ दिवस आला, तर ४०० दिवसांचें काम उभें राहतें. मात्र ज्याचें पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याजकडे फुकट श्रम मागूं नयेत. त्याची मजुरी खातेदारांनीं द्यावी. गाळ प्रथम हलक्या जमिनीच्या लहान शेतकऱ्यास मिळावा. जमाखर्च चावडीवर वाचून दाखवावा. हिशेब झांकला कीं दुसऱ्या वर्षीं कोणी येत नाहीं, हा आमचा अनुभव आहे.

गांव करी तें राव न करी, ही म्हण सर्वांस पाठ आहे. न येणाऱ्यास बोल न लावतां आपण सकाळीं फावडें घेऊन निघावें.