टायमिंग बेल्ट : मेकॅनिकचा शब्द आणि आपली पडताळणी

यंत्रमागाच्या मोटारीवरचा पट्टा तुटला तर दुसरा चढवून माग चालू करता येतो. नुकसान पट्ट्यापुरतेच राहते. आम्हा व्यापाऱ्यांना हीच सवय. त्यामुळे मालाचा टेम्पो गॅरेजमध्ये गेला आणि मेकॅनिकने ‘बेल्ट तुटला, व्हॉल्व्ह वाकले, हेड उतरवावे लागेल’ असे सांगितले की लगेच शंका येते : एवढ्याशा रबरी पट्ट्यापायी एवढा खर्च? शंका स्वाभाविक आहे. परंतु कारागिरावर आळ घेण्यापूर्वी बिघाड समजून घेतला पाहिजे.

बाहेरून दिसतो तो फॅन बेल्ट. तो सैल झाला की गाडी चालू करताना किंचाळतो. तुटला की बॅटरीचा दिवा लागतो आणि पाण्याचा पंप त्यावर असेल तर इंजिन तापते. टायमिंग बेल्ट निराळा. तो दातेरी असतो, झाकणाआड राहतो आणि बहुधा सूचना न देताच जातो. क्रँकची गती तो कॅमशाफ्टला देतो आणि कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडते. बेल्ट तुटताच व्हॉल्व्ह जेथल्या तेथे थांबतात, आणि पुष्कळ इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. काही इंजिनांत मध्ये जागा राहते, तेथे नवा बेल्ट पुरतो. डिझेल इंजिनात ही जागा फारच कमी, म्हणून धोका जास्त. कित्येक गाड्यांत तर बेल्टऐवजी चेन किंवा गिअर असतात. आपल्या गाडीत काय आहे ते कंपनीच्या पुस्तिकेत आधी पाहावे. चेनच्या गाडीला टायमिंग बेल्टचे बिल लागले तर पुढे बोलायलाच नको!

कापड घेताना आम्ही भिंग लावून इंचात किती ताणे, किती बाणे ते मोजतो. विकणारा त्याचा राग मानीत नाही. सहीह मुस्लिममधील हदीसप्रमाणे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विचारणा त्यांनी विक्रेत्याला केली. आमच्यात गॅरेजवाले बंधूही पुष्कळ आहेत. जुना बेल्ट गिऱ्हाईकाची अमानत आहे. तो न मागता दाखवावा.

आणि गिऱ्हाईकाने तो हातात घेऊन पाहावा. एकाच ठिकाणचे दाते सलग उडाले असतील तर पुढे काहीतरी अडकले होते, पंप किंवा टेन्शनरचे बेअरिंग तपासायला हवे. कड झिजून धागे सुटले असतील तर पुली सरळ रेषेत नाही. बेल्ट तेलाने भिजला असेल तर सील गळते आहे. ते न बदलता नवा बेल्ट चढविला तर तोही लवकरच जाईल. ज्या मेकॅनिकने हे कारण आपण होऊन सांगितले, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर आम्ही अधिक विश्वास ठेवतो. उलट, बेल्ट दिसायला चांगला आहे म्हणून मेकॅनिक लबाड ठरत नाही. हल्लीच्या रबराला झिजूनही चिरा दिसत नाहीत. पुस्तिकेतील किलोमीटर किंवा वर्षे, जे आधी भरेल त्याला बेल्ट बदलणेच बरे.

व्हॉल्व्ह वाकल्याचे सांगितले तर कशावरून, हे विचारावे. खुणा जुळवून बेल्ट चढवावा, पान्याने क्रँकचे दोन पूर्ण फेरे हाताने फिरवावेत आणि कुठेही अडले तर तेथेच थांबावे. अडले नाही तर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने मोजावे. एखाद्याचे फारच कमी भरले तर हेड उतरविण्याला आधार मिळाला. सर्व सारखे आणि पुरेसे भरले तर हेड उतरविण्याची घाई कशाला? दुसऱ्या गॅरेजचे मत घ्यायचे असल्यास गाडी ओढून न्यावी; तुटक्या बेल्टवर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये, त्याने न वाकलेले व्हॉल्व्हही वाकतात. काम झाल्यावर बदलल्याची तारीख आणि किलोमीटर बिलावर लिहून घ्यावेत, आणि तीच चिठ्ठी टायमिंग कव्हरवर चिकटवून ठेवावी.