सोनोग्राफीत गाठ दिसली म्हणून

भलत्याच कारणासाठी पोटाची सोनोग्राफी करावी आणि रिपोर्टमध्ये 'यकृतात गाठ' असं यावं, की घरचे लगेच कॅन्सरपर्यंत पोहोचतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, की या रिपोर्टला निदान समजू नका आणि सुईची घाई करू नका. पुढची पायरी म्हणजे वेळ साधून केलेली कॉन्ट्रास्ट तपासणी, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देऊन केलेला सीटी किंवा एमआरआय. यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल शिरेतून येतं, बाकीचं धमनीतून. म्हणून कॉन्ट्रास्ट गाठीत कधी शिरतं आणि किती टिकतं, यावरून तिची जात कळते. हिमँजिओमा ही रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ आधी कडेने ठिपक्याठिपक्यांनी उजळते, मग हळूहळू आत भरत जाते. फोकल नोड्यूलर हायपरप्लेशिया या दुसऱ्या निरुपद्रवी गाठीत यकृतपेशीच असतात. त्यामुळे यकृतपेशी शोषून घेतात असं कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय केला, तर साधारण २० मिनिटांनंतरही ती बहुधा यकृताइतकीच उजळ राहते. पित्तनलिकांचे हॅमार्टोमा, म्हणजे बारीक निरुपद्रवी गाठी, तर सीटीवर पसरलेल्या कॅन्सरसारखे भासू शकतात. एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये, मात्र ते पाण्यासारखे पांढरे, नलिकांशी न जोडलेले बारीक ठिपके दिसतात. कॉन्ट्रास्टशिवायच्या साध्या सीटीत यातलं फारसं काही कळत नाही, पैसे जातात आणि शंका तशीच राहते.

'तुकडाच काढून तपासला तर?' हा प्रश्न रास्त आहे. पण हिमँजिओमात सुईने रक्तस्रावाचा धोका असतो, आणि हायडॅटिड (जंतांमुळे होणारी) गाठ असेल तर पूर्वतयारीशिवाय टोचल्याने तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते. चित्रांचा मेळ बसत नसेल तेव्हा बायोप्सी हवीच, पण ती नंतर. उलट बाजूही तितकीच खरी: सिरोसिस किंवा हेपॅटायटिस बी असलेल्या माणसाची गाठ निरुपद्रवी मानून चालणार नाही. अ‍ॅडिनोमा ही यकृतपेशींची गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा पुरुषात असेल, तर सर्जनचं मत घ्यावंच लागतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर बाईंनी ते आधीच सांगावं, कारण अ‍ॅडिनोमाशी त्यांचा संबंध आहे. खर्चाची अडचण मी नाकारत नाही. म्हणूनच तपासणीआधी 'ट्रिपल फेज आहे का', म्हणजे कॉन्ट्रास्टच्या तीन टप्प्यांत चित्रं घेणार का, हे विचारावं, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन पाहून घ्यावं आणि जुन्या तपासण्यांचा नुसता कागद न नेता सीडीही न्यावी. दोन वर्षांपूर्वीच्या चित्रात तीच गाठ तेवढीच दिसली, तर रेडिओलॉजिस्टच्या हाती भक्कम पुरावा येतो.