उत्पल आणि कमल : एका पोत्यातील दोन द्रव्ये

चरकाचार्यांनी मूत्रविरजनीय महाकषायात पद्म, उत्पल, नलिन, कुमुद, सौगंधिक, पुंडरीक व शतपत्र ही सात जलपुष्पे पृथक् सांगितली आहेत. सुश्रुतांचा उत्पलादि गणही दाह, पित्त व रक्तविकारांवर याच भेदाने योजिला आहे. व्यवहारात मात्र सर्वांस ‘कमळ’ हे एकच नाव उरले. अरविंदासवाच्या पाठात अरविंद व नीलोत्पल ही दोन द्रव्ये वेगवेगळी आहेत. दोन्ही एकाच पोत्यातून घेतली तर पाठ पाळला असे कसे म्हणावे?

नीलोत्पल म्हणजे निम्फिया नौचाली आणि कमल म्हणजे नेलुंबो न्युसिफेरा. आधुनिक वनस्पतिशास्त्रानुसार त्यांची कुळेही परस्परांपासून फार दूरची आहेत. उत्पलाचे पान देठापर्यंत चिरलेले असून पाण्यावर तरंगते. कमलाचे पान अखंड, देठ मध्यभागी जोडलेला व खरखरीत. सुके फूल आले असता ते कोमट पाण्यात भिजवून मध्यभाग पाहावा. सपाट माथ्याची, खळगे असलेली कर्णिका दिसली तर ते कमल. किरणांसारख्या रेषांची उथळ वाटी दिसली तर उत्पल अथवा कुमुद. नुसत्या सुट्या पाकळ्या औषधी दुकानदारांनी घेऊच नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. (मराठीत वेलीवरील ‘कृष्णकमळ’ही लोक निळे कमळ समजतात. ती परदेशी वेल असून तिचा येथे काहीही संबंध नाही.)

बुलढाणा जिल्ह्यात जलाशय म्हटले की लोणार आठवते. परंतु त्याचे पाणी तीव्र क्षारधर्मी, सामू दहाच्या आसपास, तेथे उत्पल रुजत नाही. शोध घ्यावयाचा तो सिंदखेडराजाच्या मोती तलावासारख्या गोड्या पाण्याच्या जुन्या तळ्यांत आणि गावतळ्यांत. उत्पलाचा कंद गाळातच उन्हाळा काढतो. जिल्ह्यात २०१८ साली तलावांतील गाळ काढण्याचे मोठे काम झाले. पाण्यासाठी ते आवश्यकच होते. मात्र यंत्राने तळ खरवडला की कंदही शेतात जाऊन वाळतो. पुढील वेळी ग्रामपंचायतीस सांगून उथळ काठाचा एक कोपरा न उकरता ठेवावा, अथवा कंद आधी काढून चिखलासह टाक्यात जगवावेत. रोपवाटिकेतील निळ्या संकरित जाती त्या जागी लावू नयेत.

उत्पल सकाळी उमलते व दुपारनंतर मिटते, म्हणून ते पूर्वाह्णी खुडावे. कुमुद रात्री उमलते. ते पहाटे खुडावे. दोन्ही सावलीत, पातळ पसरून, वेगवेगळी वाळवावीत आणि डब्यावर तळ्याचे नाव व तिथी लिहावी.