पहिल्या पावसाचे पाणी

आमचे गाव भंडारा शहराच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या काठी आहे. घरचा धंदा मासेमारीचा आणि कॉलेजात पाऊल टाकणारी घरातली मी पहिलीच. भूगोलाच्या प्रात्यक्षिकासाठी विषय निवडायला सांगितले, तेव्हा नदीखेरीज मला दुसरे काही सुचले नाही. प्रस्तुत लेखात संशोधनाचा आव नाही. गेल्या पावसाळ्यात एका नाल्याच्या मोरीवर उभे राहून जे दिसले आणि ते कळण्यासाठी जे वाचावे लागले, तेवढेच येथे मांडीत आहे.

पाऊस आला की नदी धुऊन निघते, असे आपण सहज म्हणतो. बाबांचे मत उलटे आहे. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, त्या संध्याकाळी धाकटा भाऊ जाळे घेऊन निघाला, तर ते म्हणाले, "पह्यल्या पान्यात जार नोको टाकू. मासोरी मरून येते." दुसऱ्या दिवशी सकाळी नाला जेथे नदीला मिळतो, तेथे काठावर मेलेले मासे लागले होते. जिवंत होते ते तोंड वर काढून हवा घेत होते.

असे का होते? आपल्याकडे घरचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी बहुधा एकाच उघड्या गटारातून वाहते. उन्हाळ्यात गटाराची धार बारीक, म्हणून घाण पुढे न जाता तळाशी बसते. संडासाच्या टाक्यांची गळती, बाजारातला कुजका भाजीपाला, रस्त्यावरचे तेल व शेण, सारे महिनोन्‌महिने साचत राहते. पहिला जोराचा पाऊस हा सगळा साठा थोड्या वेळात उचलून नदीत नेऊन टाकतो. ही घाण खाणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त तितका तो जास्त खर्च होतो, आणि माशांचा जीव गुदमरतो. मरळ बाहेरची हवा घेऊ शकते म्हणून तग धरते. रोहू आणि कतला यांना ते जमत नाही. पुढे श्रावणात मोठे पाणी आले की घाण पातळ होते आणि वास जातो. म्हणजे एकच पाऊस आधी नदी नासवतो व मग तिला सावरतो. तेव्हा "पावसाळ्यात पाणी कसे असते?" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या पावसानंतर आणि किती तासांनी, असे विचारले पाहिजे.

नदीचे पाणी तपासले जात नाही असे नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणांहून नमुने घेते, सामान्यतः महिन्यातून एकदा. स्नानास योग्य पाण्यात प्रतिलिटर किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा आणि जैविक प्राणवायू मागणी ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको, अशी मर्यादा आहे. पण महिन्यातून एक बाटली भरायची आणि नेमका पाऊस दुसऱ्याच दिवशी आला, तर त्या बाटलीला मेलेल्या माशांची बातमी कशी लागावी? मी पाहिलेल्या तक्त्यांत नमुन्याची तारीख होती. आधी पाऊस कधी झाला, हे मात्र कोठे दिसले नाही. इंग्लंडमध्येही पावसात सांडपाण्याचे नळ तुंबले की ते नदीत सोडण्याची जुनी सोय आहे. अशा जागा तेथे चौदा हजारांहून अधिक आहेत. कोठे, केव्हा, किती वेळ पाणी सुटले याची नोंद करणारी यंत्रे २०२३ अखेर त्या सर्व ठिकाणी बसली. यंत्राने घाण थांबत नाही, हे खरे. पण पावसाची आणि नाल्याची वेळ शेजारी-शेजारी लिहिली जाते.

माझ्याजवळ यंत्र कोठले! सरळ भिंतीची एक काचेची बरणी अंगणात ठेवली. तोंड व तळ सारख्याच रुंदीचे असले की आत साचलेल्या पाण्याची उंची हाच पाऊस, पट्टीने मोजावा. हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठला मोजत गेले, शिवाय पाऊस केव्हा लागला व केव्हा थांबला तेही लिहिले. मोरीच्या भिंतीवर चुन्याने वीतभर अंतराच्या रेघा ओढल्या. पाण्याचा गढूळपणा पाहण्यासाठी थाळीला पांढरा रंग देऊन ती दोरीने पाण्यात सोडली; दिसेनाशी होते ती खोली मोजायची. ही युक्ती सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने १८६५ साली समुद्रावर वापरली होती. मायने आधी थाळीचाच हिशेब मागितला, तो भाग वेगळा.

एक गोष्ट वारंवार दिसली. पाऊस सुरू झाल्यावर पाणी चढू लागे तेव्हाच ते सर्वांत काळे असे. रेघांवर सर्वांत उंच गेले तेव्हा नव्हे. आणि चार-पाच दिवस उघडीप पडून पुन्हा पाऊस आला, की तोच काळेपणा थोडा कमी प्रमाणात परत. रात्रीचे दोन मोठे पाऊस मात्र मी झोपेत घालवले. वहीत ती पाने कोरी आहेत.

आमच्याकडे नदीचा विषय निघाला की बोट नागपूरकडे जाते. ते अकारण नाही. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून आंभोऱ्याजवळ वैनगंगेत येते. खाली गोसीखुर्दचे धरण, ज्याचे भूमिपूजन १९८८ साली झाले. त्याच्या फुगवट्याने येथवरचे पाणी संथ केले, त्यामुळे आलेली घाण पूर्वीसारखी वाहून जात नाही. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून काही वीजकेंद्रांना देतात. परंतु कोणत्याही केंद्राची क्षमता ठरलेली असते, मुसळधार पावसात जास्तीचे पाणी बाजूनेच जाते. हे सारे मान्य. तरी मी ज्या मोरीवर उभी होते, तो नाला नागपूरचा नव्हता.

ऑगस्टमध्ये पाणी मोरीवरून गेले आणि चुन्याच्या रेघा धुऊन निघाल्या. महिनाभराच्या नोंदी अंदाजाने लिहाव्या लागल्या, म्हणून त्या मी या लेखात वापरल्या नाहीत. बाबांनी परवा घरातली छिन्नी काढून दिली. रेघा या वेळी दगडात कोरायच्या आहेत, मृग लागण्यापूर्वी.