पऱ्हाटी जाळू नका, तिचे खत करा

कापसाची अखेरची वेचणी आटोपली की पऱ्हाटी उपटून बांधावर पेटविण्याची रीत आपल्या भागात आढळते. त्या आगीत पिकाने जमिनीतून घेतलेले नत्र व जमिनीस मिळू शकणारा सेंद्रिय अंश व्यर्थ जातो. शिवाय धुरातून मिथेन व नायट्रस ऑक्साइड हे पृथ्वीची उष्णता वाढविणारे वायू हवेत मिसळतात. नायट्रस ऑक्साइड तर, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट प्रभावी आहे.

यावरील उपाय आपल्याच जिल्ह्यात निघाला आहे. पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘नाडेप’ पद्धती नेरच्या शेतकऱ्यांनी अवश्य अवलंबावी.

विटांचे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच टाके बांधून भिंतींत छिद्रे ठेवावीत. हवेवाचून कुजणाऱ्या ढिगात मिथेन तयार होतो. छिद्रांमुळे हवा खेळून तो कमी होतो. पऱ्हाटीचे बारीक तुकडे व पालापाचोळा यांचा ६ इंच थर द्यावा, त्यावर ४ किलो शेण १२५ ते १५० लिटर पाण्यात कालवून शिंपडावे व ५० ते ६० किलो चाळलेली माती पसरावी. असे थर रचून टाके शेणमातीने लिंपावे व ओल टिकवावी. साधारणतः तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. तुकडे जाड राहिल्यास अधिक काळ लागतो.

पऱ्हाटी वेळीच हलविल्याने गुलाबी बोंडअळीचा आसराही मोडतो. खत घातल्यावर माती परीक्षणानुसार युरिया कमी करावा. पिकाला न लागणाऱ्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड बनून उडतो व पैसाही वाया जातो.

सहायक कृषी अधिकाऱ्यांनी प्रत्येक गावी निदान एक टाके शेतकऱ्यांकडून भरवून घ्यावे.