कुक्कुटगृहातील प्रकाशसंवेदक : बिघाड कसा शोधावा?

अंडी देणाऱ्या कोंबडीस दररोज सुमारे १६ तास प्रकाश मिळणे इष्ट असते. महाराष्ट्रात डिसेंबरातील दिवस जेमतेम ११ तासांचा असल्याने उरलेला प्रकाश दिव्यांनी पुरवावा लागतो. ऐन अंडी देण्याच्या काळात प्रकाशाचे तास एकाएकी घटल्यास अंड्यांचे प्रमाण उतरते व कोंबड्या पिसे गाळू लागण्याचा संभव असतो. म्हणून आपोआप लागणारे दिवे बंद पडल्यास प्रथम ते घड्याळ पाहून हाताने लावण्याची व्यवस्था करावी व मगच दोष शोधण्यास आरंभ करावा.

पुष्कळ वेळा अशा प्रसंगी मायक्रोकंट्रोलरचा बोर्डच बदलला जातो. तो खर्च बहुधा व्यर्थ ठरतो; कारण दोष बोर्डात क्वचितच असतो, तारांत व सांध्यांत मात्र वारंवार आढळतो.

जोडणीची रचना

येथे आर्डुइनो उनो हा सर्वपरिचित बोर्ड उदाहरणादाखल घेतला आहे. एलडीआर या संवेदकाचा रोध प्रकाशात कमी व अंधारात पुष्कळ वाढतो. त्याचे एक टोक ५ व्होल्टास व दुसरे ए-० या पिनेस जोडावे. त्याच पिनेपासून ग्राउंडपर्यंत १० हजार ओहमचा रोधक जोडावा. पिनेवरील ० ते ५ व्होल्ट दाब बोर्ड ० ते १०२३ या आकड्यांत मोजतो. म्हणजे दर व्होल्टास सुमारे २०५. उजेड वाढला की आकडा वाढतो, अंधार पडला की उतरतो. हा आकडा संगणकाच्या पडद्यावर पाहता येतो.

आकडा काय सांगतो?

भर दिवसा आकडा पाहावा, नंतर संवेदक हाताने पूर्ण झाकून पुन्हा पाहावा. आकडा स्पष्टपणे उतरला पाहिजे. तसे न झाल्यास पुढीलप्रमाणे अनुमान करावे.

(१) आकडा सदैव शून्याजवळ राहिल्यास एलडीआरची किंवा ५ व्होल्टाची तार तुटली आहे असे समजावे.

(२) झाकूनही आकडा १०२३ च्या आसपास राहिल्यास रोधक अथवा त्याची ग्राउंडची तार सुटलेली असते, किंवा एलडीआरची दोन टोके एकमेकांस चिकटलेली असतात.

(३) आकडा प्रकाशाशी संबंध न ठेवता वाटेल तसा भटकत असल्यास ए-० ची तार मोकळी झालेली असते.

(४) आकडा बदलतो, परंतु तिन्हीसांजेस फारच लहान येतो, अशा वेळी रोधकाचे रंगपट्टे पाहावेत. १० हजार ओहमच्या रोधकावर तपकिरी, काळा, नारिंगी असे पट्टे असतात. २२० ओहमच्या रोधकावर लाल, लाल, तपकिरी. एलडीआरचा रोध १० हजार ओहम असताना योग्य रोधकाने आकडा सुमारे ५१२ येतो, २२० ओहमच्या रोधकाने अवघा २२.

बोर्डाची परीक्षा

ए-० वरील सर्व तारा काढून ती पिन एका तारेने क्रमाने ग्राउंड, ३.३ व्होल्ट व ५ व्होल्ट यांस जोडून पाहावी. आकडे अनुक्रमे ०, सुमारे ६७५ व १०२३ आल्यास बोर्ड निर्दोष आहे. न आल्यास प्रोग्रॅममध्ये तीच पिन वाचली जात आहे ना, हे पाहावे. तेही बरोबर असेल, तरच बोर्ड बदलण्याचा विचार करावा.

दिवे लुकलुकणे

सायंकाळी दिवे लागतात, विझतात व पुन्हा लागतात, याचे कारण बहुधा दिव्याचाच उजेड संवेदकावर पडणे हे असते. संवेदक वळचणीखाली, आकाशाकडे तोंड करून, दिवा दिसणार नाही असा बसवावा. प्रोग्रॅममध्ये दिवा लावण्याची व विझवण्याची मर्यादा निरनिराळी ठेवावी. उदाहरणार्थ, ३०० च्या खाली लावावा व ४५० च्या वर विझवावा. प्रत्यक्ष आकडे आपल्या जागी सांजवेळी मोजून ठरवावेत. संवेदकाची तार विजेच्या तारेजवळून नेऊ नये.

नित्य काळजी

कुक्कुटगृहातील धूळ संवेदकावर बसल्यास आकडा उतरतो व दिवे अकारण लवकर लागतात. विष्ठेतून निघणारा अमोनिया व दमट हवा तांब्याचे सांधे खातात. यास्तव दर आठवड्यास संवेदक कोरड्या फडक्याने पुसावा, सांधे डाख देऊन झाकावेत व बोर्ड बंद पेटीत ठेवावा. दिव्यांच्या २३० व्होल्टाच्या बाजूस हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. ते काम जाणकार वीजतंत्र्याकडूनच करून घेणे श्रेयस्कर.

संवेदक केवळ उजेड आहे की नाही एवढेच सांगतो. तासांचा हिशेब त्यास ठाऊक नसतो. दिवे रात्रभर जळू नयेत म्हणून बोर्डास घड्याळाची जोड अवश्य द्यावी. सर्व ठीक असताना दुपारचा, सांजेचा व रात्रीचा आकडा पेटीच्या झाकणावर लिहून ठेवावा. पुढे बिघाड झाल्यास त्या नोंदीशी तुलना करताच दोष कोठे आहे याचा उलगडा लवकर होईल व कोंबड्यांचा एकही दिवस प्रकाशावाचून जाणार नाही.