नागीण : पहिले तीन दिवस

नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो, ही भीती आजही घरोघरी आहे. माझ्या आईच्या बरगडीखाली फोड उठले, तेव्हा वेढा कुठवर आला हे शेजारच्या काकू रोज बघून जायच्या. वर गेरूचा लेप चालूच. वेढा काही पुरा झाला नाही. तो सहसा होतच नाही. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्यालगत मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि वय वाढलं, प्रतिकारशक्ती खालावली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. त्या मज्जातंतूची हद्द शरीराच्या मध्यरेषेपाशी संपते.

रोग नसेचा आहे, फोड ही नुसती वरची खूण. आईच्या खपल्या पडल्या, पण ठणका महिनोन्‌महिने राहिला. पंख्याचा वारा लागला तरी ती कळवळायची. ब्लाउजचा काठ टेकू द्यायची नाही. साध्या वेदनाशामक गोळीला हे दुखणं दाद देत नाही. त्यावर मज्जातंतूंसाठीची वेगळी औषधं लागतात.

असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर ही औषधं पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाली तर जास्त गुण देतात. लेप-उताऱ्यात नेमके तेच तास निघून जातात. फोडांआधी दोन-चार दिवस एकाच बाजूला आग होते, मुंग्या येतात. चमक भरली म्हणून बाम चोळत बसू नये, त्या जागेची कातडी रोज बघावी.

चेहऱ्यावरची नागीण तर एक दिवसही थांबू देत नाही. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळ्याला धोका असतो. कानात फोड येऊन तोंड वाकडं झालं, तर तो रॅमसे हंट सिंड्रोम असू शकतो. २०२२ मध्ये गायक जस्टिन बीबरचा अर्धा चेहरा त्यानेच लुळा पडला होता, आणि तो तेव्हा अवघा २८ वर्षांचा होता. २०२३ मध्ये अमेरिकी सिनेटर डायॅन फाइनस्टाइन यांना नागिणीतून मेंदूदाहही झाला. पाठीतल्या पाण्याची पीसीआर तपासणी रुळल्यापासून प्रौढांच्या मेंदूदाहात आणि मेंदूज्वरात हा विषाणू वारंवार सापडतो, कधी अंगावर एकही फोड नसताना. तापात माणूस असंबद्ध बोलू लागला, तर थेट रुग्णालय गाठावं.

पन्नाशीनंतर घ्यायची शिंग्रिक्स लस भारतात २०२३ पासून मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. महाग आहे, दंड दुखतो, एखाद दिवस कसकसही येते. नागीण होऊन गेलेल्यांनीही डॉक्टरांना विचारून ती घ्यावी, कारण नागीण पुन्हा होऊ शकते.